जावळाचा काळा

काळा रंग कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतो. ट्यूब दाबली की बाहेर येतो, फार नखरे करत नाही. मला तो नको होता. मला काळ्याशिवाय काळा हवा होता, आणि हे घरात कुणालाही सांगितलं की समोरचं माणूस असं बघायचं, जशी काही मी पिठाशिवाय भाकरी करायला निघालेय. माझा धाकटा भाऊ दीपेश तर सरळ म्हणाला, "ताई, काळा हवाय ना? मग काळा घे. कुणी पोलीस बसवलाय का?"

पोलीस बसवला होता. तिचं नाव विनिता. पण तिच्याकडे नंतर येते.

राहनाळला आमचं गोडाऊन आहे. खाली भाडेकरूचे खोके, मागच्या अंगाला आमचं घर, बाहेर कंटेनरची रांग, आणि वर पत्र्याच्या माळ्यावर मी. पोटासाठी मी हळदीचे आणि लग्नाचे फोटो काढते. डीजेच्या भिंतीसमोर नाचणारे पिवळेधमक नवरदेव माझ्या हार्डडिस्कमध्ये इतके पडलेत, की आता मला सगळे एकाच आईचे वाटतात. मनासाठी म्हणाल तर मी माळ्यावर गम प्रिंट करते. काम म्हटलं तर सोपं आहे. डिंक भिजवायचा, त्यात रंग कालवायचा, बायक्रोमेटचं नारिंगी पाणी घालायचं आणि ते सगळं ब्रशने कागदावर फासायचं. सुकलं की वर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचं. जिथे ऊन पोचतं तिथला डिंक घट्ट होतो आणि रंगासकट कागदाला धरून बसतो. बाकीचा पाण्यात सुटून जातो. हे एकदा पिवळ्याने करायचं, मग त्याच कागदावर लालने, मग निळ्याने. तिघे एकमेकांवर नीट बसले तर फोटोतला हरेक रंग मिळतो, आणि जिथे तिघेही दाट बसले तिथे काळा मिळतो.

असं पुस्तकात लिहिलंय. माळ्यावर तिथे चिखल मिळतो. लाल वरचढ झाला की पिकून फुटलेल्या जांभळाचा रंग, निळा वरचढ झाला की शेवाळाचा. पिवळा कमी पडला की मेल्यासारखा जांभळट. दोन वर्षं मी चिखलच काढत होते. रस्त्यावरून कंटेनर गेले की धूळ, टँकर आला नाही की धुवायला पाणी नाही, आणि खालून आईची हाक, "भाविका, जेवलीस का न्हाय?" माझी आई गोदूबाई. गुडघ्यांमुळे तिला माळ्याची शिडी चढता येत नाही, त्यामुळे ती खालूनच सगळा कारभार बघते.

आता विनिता. मुंबईत ती एक प्रदर्शन भरवत होती, फक्त तीन रंगांच्या प्रिंटचं. अट एकच, काळा रंग औषधालाही नको. मागच्या खेपेला एका बाप्याने चौथा हात गुपचूप काळ्याचा मारला होता, आणि बघायला आलेल्या कुणीतरी ते भर हॉलमध्ये पकडलं होतं. तेव्हापासून विनिताला ताकही फुंकून प्यायची सवय लागली. मी फोनवरून माझा एक फोटो पाठवला तेव्हा तिचं पहिलं वाक्य होतं, "भाविका, मला संशय घ्यायची हौस नाही, पण मी घेणार." रविवारी ती स्वतः येऊन प्रिंट बघणार होती. तिला पटलं तर माझा एक फोटो तिथे लागणार होता. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या फोटोसमोर जेवणाचं ताट हातात न घेता उभं राहणार होतं. मला ते हवं होतं, फार हवं होतं. नाही कशाला म्हणू?

फोटो माझ्या भाचीचा, दीपेशच्या दिशाचा. सहा महिन्यांची पोर, आजीच्या मांडीवर मान वळवून बसलेली. एकवीरेला जावळ काढायला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी तो काढला होता. पोटातून घेऊन आलेलं जावळ ते, दाट, कुरळं, काळंभोर. दुसऱ्या दिवशी गडावर ते उतरवलं आणि पोरीचं डोकं नारळासारखं गुळगुळीत झालं. नंतरचे केस येतात, जावळ परत येत नाही. म्हणून मी ठरवलं, या फोटोत काळा आला तर खरा यायला हवा, नाहीतर फोटोच नको.

आणि आला. गुरुवारी निळ्याचा शेवटचा हात पाण्यातून काढला, कागद दोरीला लावला, आणि सुकता सुकता जावळ काळं झालं. निळसर नाही, तांबूस नाही. काळं. मी त्या ओल्या कागदासमोर उभी राहून रडले, सांगायला लाज कसली. शुक्रवारी तीच निगेटिव्ह, तेच रंग आणि तसलाच कागद घेऊन दुसरी काढली, तर पुन्हा शेवाळ. पहिल्या प्रिंटमध्ये काय जमून आलं होतं, ते ऊन जाणे आणि तो कागद जाणे.

माळ्यावर धूळ फार, म्हणून पहिली प्रिंट मी खाली आणून आईच्या खोलीत कपाटावर उभी करून ठेवली. आईने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. "जिती हाय गं पोर," म्हणाली. मग फोटोवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मला वाटलं, चला, एक तरी परीक्षक खूश झाला.

दुसरी परीक्षक होती निशा. दीपेशची बायको, माझी भावजय, शेलार गावची. लग्नाआधी ती डाईंगच्या लॅबमध्ये होती. कापडाचा लॉट आला की थेंब टाकून, घासून, उकळून रंग खरा की खोटा ते सांगायचं, हे तिचं काम. लग्न झालं, लॅब सुटली, थेंब टाकायची सवय काही सुटली नाही. दुधावर थेंब टाकते, हळदीवर टाकते, नवऱ्याच्या बोलण्यावर टाकते. मी माळ्यावर बायक्रोमेट आणलं त्या दिवसापासून ती माझ्यावरही टाकत होती. ते विषारी असतं हे खरंय. मी हातमोजे घालते, बाटल्यांना कुलूप लावते, पण घरात तान्ही पोर आहे म्हटल्यावर तिचा जीव वर-खाली व्हायचाच. शिवाय खालच्या भाडेकरूने माळाही मागितला होता. दीपेश माझ्यासमोर बोलायचा नाही, पण जेवताना दोघं एकदम गप्प झाली की मला कळायचं की पाणी कुठेतरी मुरतंय.

शनिवारी निशाने मला शिडीपाशी गाठलं. दिशा तिच्या कडेवर होती.

"ताई, आईंनी परवा काजळ धरलं होतं ना, ती डबी बघितली. त्यात कुणीतरी बोट घातलंय."

आमच्याकडे बाळाचं काजळ बाहेरचं आणत नाहीत. आई एरंडेलाचा दिवा लावते, वर तांब्याची ताटली धरते, काजळी जमली की खरवडून तुपात खलते. दिशाच्या कानामागे रोज त्याचीच तीट लागते.

"काजळ आहे, बोट घालायलाच असतं," मी म्हटलं.

"तिटेला टोक पुरतं. हा बोटभर खड्डा आहे."

"मग आईला विचार."

"आईंना विचारलं तर म्हणतील, माझं काजळ मोजतेस काय गं. म्हणून तुम्हाला विचारतेय."

"मी काजळ लावत नाही, निशा."

"डोळ्यांना लावत नाही," ती म्हणाली, आणि पोरीचं टोपरं नीट करायला लागली.

मला आधी कळलंच नाही. शिडी चढून वर गेले, ब्रश धुवायला घेतला आणि मग डोक्यात उजेड पडला. ही बाई मला म्हणत होती की मी निळ्यात काजळ कालवलं. नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, की हिने हे आजच का काढलं? उद्या विनिता येणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझं काम फसलं तर माळा रिकामा होतो, बायक्रोमेट जातं, पोर सुखरूप राहते आणि भाडंही येतं. फायदा कुणाचा, एवढंच विचारायचं असतं. मी निळ्याची बाटली कपाटात टाकली आणि किल्ली पर्समध्ये ठेवली. आईला विचारायला गेले नाही. निशाने कुरापत काढायची आणि मी म्हातारीला पंच म्हणून मध्ये घालायचं, एवढी मी रिकामटेकडी नव्हते. तेव्हा विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण डोकं तापलं की माणूस सरळ प्रश्न विचारत नाही.

रविवारी विनिता आली. अंगात साधा कॉटनचा कुर्ता, गळ्यात चष्मा, पर्समध्ये भिंग. मी प्रिंट माळ्यावर नेऊन खिडकीशी मांडली होती. ती भिंग घेऊन तिच्यावर वाकली आणि एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सावकाश सरकत गेली. मी हात मागे बांधून उभी, दहावीच्या निकालाला उभी राहिले होते तशी.

"हा काळा फारच काळा आहे," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं. छाती फुगली होती माझी.

"तीन रंगांचा काळा कुठेतरी फसतो, भाविका. कडेला निळा सुटलेला दिसतो, लाल डोकावतो. इथे काहीच दिसत नाही. अजून एखादी आहे का अशी?"

"याच निगेटिव्हची दुसरी काढली, पण ती एवढी जमली नाही."

"अच्छा. एकदाच जमला."

तो 'अच्छा' मला आवडला नाही. तेवढ्यात निशा चहा घेऊन वर आली. एरवी ती माळ्यावर पाऊल ठेवत नाही, वास येतो म्हणते. त्या दिवशी ट्रे घेऊन शिडी चढली. ट्रे ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"मॅडम, निळा प्रशियन आहे ना?" तिने विचारलं. "मग बघता येईल. त्याला धुण्याचा सोडा चालत नाही. काळ्यावर सोड्याचा थेंब टाकला की आतला निळा मरतो आणि खालचा लाल-पिवळा उघडा पडतो, विटेसारखा. काजळी असेल तर मात्र काळं ते काळंच राहतं."

विनिताने माझ्याकडे बघितलं. "चालेल तुला? थेंबाचा डाग राहील."

नाही म्हटलं असतं तर संपलंच असतं. आणि कर नाही त्याला डर कशाला? मी म्हटलं, "टाका. पण चेहऱ्यावर नको."

"कानामागे टाकते," निशा म्हणाली. "जावळात. तिथे कुणाचं लक्ष जात नाही."

ती खाली जाऊन सोडा कालवून आली. दिशाला औषध द्यायचा ड्रॉपर होता तिच्या हातात. थेंब कानामागे पडला आणि अळवाच्या पानावर पाणी राहतं तसा गोल बसून राहिला. पसरला नाही, मुरला नाही. आम्ही तिघी त्या एका थेंबाकडे बघत उभ्या. खाली कंटेनर मागे घेणाऱ्याची शिट्टी चालली होती. मी मनात म्हणत होते, हो ना रे लाल, हो ना. तो झाला नाही. शेवटी निशाने टिश्यू घेऊन थेंब टिपला. खाली काळं तसंच होतं, आणि टिश्यूवर काळा डाग आला होता.

निशाने टिश्यूची घडी केली. तिने ती लपवायचा प्रयत्न केला असता तर मी तिला कच्ची खाल्ली असती. पण ती तशीच हातात धरून उभी राहिली, विनिताला नीट दिसेल अशी.

"असू दे," विनिता म्हणाली. "काम सुंदर आहे तुझं. मी कळवते."

तिने मला शिवी दिली असती तरी चाललं असतं. ओरडायचं, फाडायचं, काहीतरी करायचं. तिने चहासुद्धा संपवला. मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेले, तर वाटेत ती मला रस्त्याच्या कामाबद्दल विचारत होती.

परत आल्यावर मी आधी मोरीत गेले. आईच्या धुण्याच्या जागेवरून सोडा घेतला, वर येऊन कालवला. कुलपातली निळ्याची बाटली काढली, चिठोऱ्यावर एक फराटा ओढला, सुकू दिला आणि वर सोडा घातला. बघता बघता निळा मेला, चहाच्या डागासारखा पिवळट डाग उरला. म्हणजे बाटली स्वच्छ होती. म्हणजे माझा निळा खरा, माझा काळा खरा, आणि खोटा होता तो थेंब.

निशा कपबशा न्यायला वर आली होती. मी शिडीच्या तोंडाशी उभी राहिले.

"तुझ्या ड्रॉपरमध्ये पाणी होतं."

तिने ट्रे खाली ठेवला. "काय?"

"साधं पाणी. आणि टिश्यूवरचं काळं तुझ्या बोटाचं. सकाळ-संध्याकाळ पोरीला तीट लावतेस, बोटं तुझी काळी असतात. माळा पाहिजे तर तोंडाने माग ना."

निशा पांढरीफटक पडली. तिने ड्रॉपर माझ्यापुढे धरला. "जिभेला लावून बघा."

मी लावला. कडू-तुरट, साबणासारखा. सोडाच होता. त्याने मी गप्प बसायला हवं होतं, पण संशयाला एक दार बंद केलं तर तो खिडकीतून येतो. "मग फोटोलाच काजळ चोळलंस. तीन दिवस आईच्या खोलीत होता, तिथे तूच येतेस-जातेस."

"मी? माझ्या पोरीच्या फोटोला?" आता तिचाही आवाज चढला. "मी लॅबमध्ये लोकांचे लॉट परत पाठवलेत ताई, मालकाच्या साल्याचासुद्धा पाठवला. खोटं ते खोटं. तुम्ही घरच्या आहात म्हणून शनिवारी एकटीला गाठून विचारलं. तुम्ही खरं सांगितलं असतं तर आज मी तोंड उघडलं नसतं."

"म्हणजे तुझी खात्रीच आहे."

"डबीत खड्डा आहे. एकदाच काळा झाला, परत होत नाही. टिश्यूवर काजळी आली. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय म्हणाला असतात?"

मी हेच म्हणाले असते. तेच मला सहन होत नव्हतं.

"अख्खा बुडवते," मी म्हटलं.

"काय?"

"अख्खा फोटो सोड्यात बुडवते. तू व्हिडिओ काढ. तो विनिताला पाठवू."

"ताई, वेडेपणा करू नका. दुसरीकडे एक थेंब टाकून बघू ना."

"एका थेंबाने मी चोर ठरले. दुसरा लाल झाला तर म्हणशील, इथे नव्हतं घातलं, तिथे घातलं होतं. माझ्याकडे थेंबाथेंबाने मोजायला वेळ नाही."

तिने माझं मनगट धरलं. "माझ्या दिशाचं जावळ आहे ते. परत यायचं नाही."

सरळ मनाच्या बाईने हे ऐकून थांबायला हवं होतं. मला त्यात उलटंच दिसलं. म्हटलं, आता घाबरली. खाई त्याला खवखवे. अख्खा फोटो लाल झाला तर हिचं पितळ उघडं पडणार, म्हणून हिला जावळ आठवलं. मी मनगट सोडवलं, प्रिंट ट्रेमध्ये घातली आणि शिडी उतरले.

अंगणातल्या नळाशी आईची धुण्याची मोठी परात होती. गरम पाण्यात सोडा कालवला. निशा मागून आली, तिने फोन काढला आणि व्हिडिओ सुरू केला. राग असला की माझा हात अगदी स्थिर असतो. मी प्रिंट दोन्ही हातांनी धरली, जावळ वर, आणि परातीत सोडली.

आधी काहीच झालं नाही. मग कडेने जांभळं सुटलं. आईच्या लुगड्याची सावली गेली, दिशाच्या पापण्या गेल्या, आणि मग जावळ. काळं होतं ते जांभळं झालं, जांभळ्याचं तांबडं, तांबड्याचं विटेसारखं. निशाने सांगितलं होतं अगदी तसं. डिंकही सैल पडला, लाल पाणी परातीत फिरायला लागलं. दोन वर्षांत एकदाच आलेला काळा माझ्या डोळ्यांदेखत निघून गेला, आणि मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, आनंदच झाला. "बघ," मी म्हटलं, "बघ, कुठे आहे काजळ? दाखव."

निशा फोन खाली घेऊन बघत होती. "नव्हतं," ती पुटपुटली. "खरंच नव्हतं." तिचे डोळे भरले होते. मग ती वाकली. "ताई, हे काय आहे?"

लाल झालेल्या जावळात, कानामागे, एक गोल काळा ठिपका होता. मसुरीच्या दाण्याएवढा. सोडा त्याच्यावरून जात होता आणि तो तसाच बसला होता. कडा जराशी फिसकटली होती, दुपारी टिश्यू फिरला होता तिथे.

आई दिशाला कडेवर घेऊन ओटीवर आली होती. "कसला गलका लावलाय दोगींनी?" म्हणत ती खाली उतरली आणि परातीत बघून थबकली. "अगो बाय. पोर लाल कशी झाली?"

मी आईकडे बघितलंच नाही. मी दिशाकडे बघत होते. गुळगुळीत डोकं, वळलेली मान, आणि कानामागे एक गोल काळा ठिपका. तेवढाच, आणि त्याच जागी.

"आई," मी म्हटलं, "फोटोला तीट लावलीस?"

"लावली. का?" आईला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नाही. "तुजी मुंबयची बाय बघाया येनार, मंग तिकडं कोन कोन बघनार. येवरी गोड पोर, नदर लागंल का न्हाय? कागुद पितो मेला, म्हनून दोनदा बोट फिरवलं. कानामागं लावली, कोनाला दिसाची न्हाय."

"मला सांगायचं तरी."

"सांगून लावली तर तिला गुन न्हाय येत."

निशा नळाजवळच्या दगडावर खाली बसली होती. तो थेंब का पसरला नाही ते मला आत्ता कळत होतं. कागदावर तूप होतं. अळवाच्या पानावर पाणी, असं माझ्याच मनात आलं होतं, आणि मी पुढे विचार केला नव्हता. लॅबवाल्या निशानेही केला नाही. तिला काजळ सापडायला हवं होतं, आणि ते सापडलं होतं.

तिने डोळे पुसले आणि व्हिडिओ विनिताला पाठवून दिला. मला विचारलं नाही. मीही अडवलं नाही. आई परातीशी वाकून तो लाल कागद बघत होती, दिशा हात पुढे करून पाण्याला शिवायला बघत होती. थोड्या वेळाने फोन वाजला. निशाने मोठ्याने वाचलं, "'बाकीचा काळा गेला, मग कानामागचा का नाही गेला? तो ठिपका कशाचा आहे?'"

"लिही," मी म्हटलं, "आईने नजर लागू नये म्हणून लावलेली तीट आहे."

तिने लिहिलं. "पटेल त्यांना?"

"तुला पटलं का?"

ती उठली, आईच्या कडेवरच्या दिशाचा कान हलकेच दुमडला आणि तो ठिपका निरखला. मग परातीवर वाकून तिथला निरखला. बोटाचं पेर एकदा इथे लावलं, एकदा तिथे. अजून मापच घेत होती. आणि मी तिच्या बोटाकडे बघत होते, त्याला आधीपासून काळं लागलेलं आहे का म्हणून.

आईने दोघींकडे बघितलं. "बघा, आजून बघा," ती म्हणाली. "बाहेरच्यांसाठी लावली व्हती गो मी. घरातल्याच दोगींच्या नदरंपुढं येवरीशी तीट काय टिकनार?"

ती पोरीला घेऊन आत गेली. विनिताला गेलेल्या मेसेजखाली दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. मी परातीतून कागद उचलला आणि पाणी निथळू दिलं. तीट टिकली होती. तिच्याभोवतीचं सगळं गेलं होतं.